जाळ्यात गावलेला गोळा

देवबागला घराच्या अंगणात रुकय्या एका जुन्या लोखंडाने मिरच्या कुटत होती. तिच्याकडे उतरलेले निवृत्त सुभेदार चहाचा कप घेऊन बाहेर आले आणि जागीच थबकले.

"भाभी, हातातलं लोखंड हळूच वाळूत ठेवा. आपटू नका."

लग्नाच्या वर्षी नवऱ्याच्या जाळ्यात आलेलं ते लोखंड म्हणजे जुना तोफगोळा होता. दुपारी बॉम्बशोधक पथक आलं. पथकाच्या साहेबांनी गंज खरवडून खुणा पाहिल्या आणि गोळा अजून जिवंत असल्याचं सांगितलं. तो किनाऱ्यावर नेऊन उडवायचं ठरलं. वाडी रिकामी करून सगळ्यांना टोकाच्या घरी, रुकय्याच्या नणंदेकडे बसवलं. ओसरी गच्च भरली.

नणंद पाणी घेऊन आली आणि रुकय्याच्या कानाशी वाकली.

"भायान तेव्हा दोन हाडलेल्यान गो. एक तुका दिल्यान, एक माका."

"तुझो खंय आसा?"

"ह्या मधल्या खांबात. बांधताना चिरो कमी पडलो, म्हणान गवंड्यान तोच घातल्यान."

रुकय्याने मान वळवली. शेजारणी पोरांना मांडीवर घेऊन त्याच खांबाला टेकल्या होत्या. "उठा गो!" असं ती ओरडणार, तोच किनाऱ्यावर धमाका झाला आणि खांब हादरला.