दफनभूमीच्या वळणावरची मुलगी

“काकू, काल संध्याकाळी तुमच्या मुलीला वळणावर सोडलं. घरी नीट पोचली ना?”

दुधाचा ट्रकवाला ऑर्व्हिल दारात टोपी काढून उभा होता. ओटिली टीडमनचे पिठाने भरलेले हात तसेच राहिले.

“कुठली मुलगी?”

“रडत होती हो. मिलवॉकीच्या रस्त्यावर हात केला. म्हणाली, टीडमनांकडे जायचंय. दफनभूमीच्या फाटकातून आत गेली. मी ट्रक वळवतोय तोवर दिसेनाशीच झाली.” बोलता बोलता त्याचं लक्ष भिंतीवरच्या फोटोकडे गेलं. “हीच की!”

“ती आमची लिओना,” ओटिली म्हणाली. “दोन वर्षं झाली तिला जाऊन.”

ऑर्व्हिलचा चेहरा पांढराफटक पडला. दुधाचे कॅन न घेताच तो निघून गेला.

लिओना मिलवॉकी शहरात शिवणाच्या कारखान्यात कामाला होती. ती आजारी असल्याचा निरोप आलाय म्हणत तिचा बाप रेनहोल्ड एकटाच तिला आणायला गेला आणि खिळे ठोकलेली पेटी घेऊन परतला. घटसर्प, म्हणाला. पेटी उघडायची नाही. ओटिलीला लेकीचं तोंडही बघायला मिळालं नाही. तिनं नुसता लाकडावरून हात फिरवला होता.

तेव्हापासून गाईंच्या धारा काढून झाल्या की रेनहोल्ड टेकडी उतरून दफनभूमीत जाई आणि अंधार पडेपर्यंत कबरीपाशी बसे. पाऊस असो, बर्फ असो. एवढा कडक माणूस, पण पोरीच्या दुःखानं आतून खचला, असं गाव म्हणायचं. ओटिलीचं कंबरेचं हाड मोडलेलं. तिला टेकडी उतरणं जमत नसे.

रात्री जेवताना तिनं ऑर्व्हिलचं बोलणं नवऱ्याला सांगितलं.

“प्यायला असेल,” रेनहोल्ड म्हणाला.

“अहो, तो थेंबालाही शिवत नाही.”

“मग दुसरी कुणी असेल. बटाटे दे.”

हिवाळ्यात बियाणं विकणारा एक फिरता माणूस आला. त्यानंही तेच सांगितलं. त्याच मुलीला त्यानं गाडीत घेतलं होतं. तिचे हात बर्फासारखे गार होते. गुत्त्यात ही गोष्ट गेली आणि वाढतच गेली. मुलीचा साधा झगा पांढराशुभ्र झाला. तिचे पाय जमिनीला टेकत नाहीत, असं लोक शपथेवर सांगू लागले. लांबलांबच्या गावांतून मोटारी येऊन वळणावर थांबू लागल्या.

ओटिलीनं मात्र त्या माणसाला एकच विचारलं होतं. “तिनं काही खाल्लं का?”

“माझ्याजवळचा पाव दिला. अर्धा खाल्ला. अर्धा आईला नेते म्हणाली.”

त्या दिवशी रेनहोल्ड जेवायला बसल्यावर ती म्हणाली, “मला तिला बघायचंय. ऑर्व्हिल ट्रकमधून खाली नेईल. भूत का होईना, माझीच आहे ना ती?”

रेनहोल्डनं चमचा खाली ठेवला. 

“आणि बघून काय करशील? तिला घरात घेता येणार आहे का? अगं, आपल्या रडण्यानंच ती अडकून पडलीय. पास्टरना बोलावू. सुटू दे तिला.”

पास्टर आधी तयार नव्हते. “रेनहोल्ड, मेलेल्यांसाठी अशी प्रार्थना आपल्या प्रोटेस्टंट पंथात बसत नाही, तुला माहीत आहे.”

“बायकोकडे बघून तरी करा,” रेनहोल्ड म्हणाला. एवढ्या अजिजीनं त्याला बोलताना कुणी ऐकलं नव्हतं.

रविवारी अख्खं गाव काळे कपडे घालून दफनभूमीत जमलं. ओटिलीला खुर्चीत बसवून खाली आणलं. प्रार्थना संपल्यावर तिनं कबरीच्या दगडावर हात ठेवला.

“जा, बाळा,” ती म्हणाली. “आता इकडे येऊ नकोस.”

त्यानंतर ती मुलगी कुणालाही दिसली नाही. बर्फ वितळलं, मका वर आला. ऑर्व्हिल रोज वळणावर ट्रक हळू करायचा. मग दूध न्यायला आला की ओटिलीकडे बघून नुसती मान हलवायचा. ती दिवसभर खिडकीशी बसून राही. चुलीवरचं करपलं तरी तिला कळत नसे.

“मीच हाकललं हो तिला,” ती म्हणायची. “थंडीत एवढ्या लांबून यायची पोर माझी, आणि मीच येऊ नकोस म्हटलं.”

“शांती मिळाली तिला,” रेनहोल्ड म्हणायचा. आता तो संध्याकाळी घरीच असे.

प्रार्थनेच्या आदल्या दिवशी, शनिवारी, लिओना नेहमीसारखी फाटकातून आत आली होती. काकडत होती. ती कॅथलिक बाजावाल्याबरोबर पळाली, म्हणून बापानं पेटीत शेतातले दगड भरून जिवंत पोरीच्या नावानं पुरले होते. घराकडे चढणाऱ्या पायवाटेवर, त्या कबरीपाशी तो रोजच्यासारखाच तिची वाट अडवून उभा होता.

“बाबा, त्याला सोडलंय मी,” ती म्हणाली. “मला घरात नका घेऊ. फक्त आईला एकदा लांबून बघू दे.”

रेनहोल्डनं टोपी काढून छातीशी धरली.

“उशीर केलास, पोरी,” तो म्हणाला. “तुझी आई गेली. उद्या पुरतोय तिला.”