कार्बन उतरत नाही

चौघा मित्रांनी आधी कमरेचे पट्टे काढले. मग घड्याळं, अंगठ्या, किल्ल्या, मोबाईल. सगळं मधल्या टेबलावरच्या ट्रेमध्ये ठेवलं. दुसऱ्याची गिटार मांडीवर घ्यायची तर तिच्यावर चरा पडता कामा नये, असा त्यांचा नियम होता.

"पण ही फुटत नाही, तुटत नाही म्हणता ना?" आत्यानं स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं. ती मटार सोलत होती.

"फुटत नाहीच," तिचा भाचा म्हणाला. दातांचा डॉक्टर होता तो, घर त्याचं. "चरा वेगळा, आत्या. तुला नाही कळायचं."

कार्बन फायबरच्या काळ्या कुळकुळीत चार गिटारी हातोहात फिरू लागल्या. वाजवत कुणीच नव्हतं. टिचक्या मारायचे, वास घ्यायचे, मान डोलवायचे.

"माझी भर उन्हात गाडीत राहिली. आठ दिवस," वकील म्हणाला.

"माझी तिसऱ्या मजल्यावरून पडली. खालची फरशी फुटली," इंजिनियर म्हणाला.

चौथा कॉम्प्युटरवाला. त्यानं म्हणे तळ्यात वल्हं हरवल्यावर गिटारीनं होडी वल्हवत काठ गाठला होता.

"आमची पुरात वाहून गेली होती," आत्या म्हणाली. "तिसऱ्या दिवशी आपल्या पायांनी घरी आली."

"किती किलोमीटर?" इंजिनियरनं गंभीरपणे विचारलं.

आत्याची गिटार स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली होती. लाकडाची. पोटावर लांबलचक भेग, त्यात सरस भरलेला. चाळीस वर्षं शाळेत तिनं तिच्यावर पोरांना गाणी शिकवली. आज चार वाजता कचऱ्याची गाडी आली की ही गिटार तिच्यात जाणार होती. खिळ्यावर डॉक्टरची दुसरी कार्बनची यायची होती.

"उन्हाळ्यात सुरातून उतरते, पावसाळ्यात चढते," डॉक्टर पाहुण्यांना सांगत होता. "लाकूड ते. त्याचा काय भरवसा?"

आत्यानं मटाराचं पातेलं खाली ठेवलं.

"एक काम करा. चौघं मिळून एक गाणं वाजवा. अख्खं. सुरात. वाजलं, तर मीच माझी गाडीत टाकून येते."

"आणि नाही वाजलं तर?"

"तर तो खिळा माझा. मी मरेपर्यंत."

चौघं हसले. शाळेतल्या पोराला येईल असं गाणं निवडलं आणि सुरू झाले. एका पोत्यात चार मांजरं कोंबावीत तसा आवाज निघाला.

"तुझी उतरलीय," वकील म्हणाला.

"कार्बन उतरत नाही," इंजिनियर म्हणाला.

"मग चढली असेल."

"चढतही नाही!"

"गिटार नसेल रे उतरत," आत्या म्हणाली. "तारा तर लोखंडाच्याच ना? खुंट्या पिळा की जरा."

भरल्या बैठकीत कुणी पादावं आणि सगळ्यांनी छताकडे बघावं, तसे चौघं छताकडे बघत राहिले. खुंटीला हात लावणं म्हणजे उतरली असं कबूल करणं. आणि सूर दाखवणारे मोबाईल ट्रेमध्ये, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

वकील उठला. "हात धुऊन येतो."

"गिटार घेऊन?"

"तिलाही धुतो. कार्बन आहे."

बाथरूमचा नळ धो-धो सुटला. नळाच्या आवाजाखाली बारीकसं टुंग, टुंग. वकील कोरड्या गिटारीनिशी परत आला. लगेच इंजिनियरला हात धुवायचे झाले. त्याच्या मागे कॉम्प्युटरवाला उभा, एका हातात गिटार, दुसऱ्यानं पँट वर धरलेली. पट्टा ट्रेमध्ये होता ना.

तिघं धुऊन आले. पुन्हा गाणं लावलं. प्रत्येकानं आपापल्या मनाचा सूर लावून आणला होता. आता मांजरं पोत्यात भांडायलाही लागली.

चारला पाच कमी होते. गल्लीच्या टोकाला कचऱ्याच्या गाडीची शिट्टी वाजली.

डॉक्टर स्वयंपाकघरात आला. दार हळूच लोटलं. पँट सावरली.

"आत्या," तो कुजबुजला, "तुझ्या खोक्यावर एक सा दे ना. हळूच. त्यांना कळू देऊ नकोस."

आत्यानं गिटार खिळ्यावरून काढली. रोज सकाळी चहाच्या आधी ती तिचे कान पिळून ठेवायची. आजही ठेवले होते. भेगेवरून हात फिरवला. अंगठा तारेवर गेला. सूर मागायला आलेल्या माणसाला चाळीस वर्षांत तिनं एकदाही नाही म्हटलं नव्हतं. समोर तोंड वासून उभा होता तोही याच तारेवर सा लावायला शिकला होता, दुधाचे दात पडायच्या आधी.

शिट्टी दाराशी आली.

आत्यानं अंगठा उचलला.

"लाकूड आहे रे, बाळा," ती म्हणाली. "त्याचा काय भरवसा?"

डॉक्टर पँट धरून बाहेर गेला.

गाडी दाराशी थांबली, दोन शिट्ट्या मारल्या, शेजारच्यांची पिंपं रिकामी केली, निघाली. आत्या कान देऊन बसली. गाडी वळणापलीकडे गेली, शिट्टीही विरली, तेव्हा तिनं स्वयंपाकघराचं दार सताड उघडलं, आणि अंगठ्यानं एकच तार छेडली. लांब, स्वच्छ.

बाहेर बोलणं थांबलं. मग चौघांनाही एकदम खोकला आला. खूप वेळ, जोरजोरात. आणि त्या खोकल्याखाली चार खुंट्या हळूहळू कुरकुरत फिरत होत्या.