उकंडाचं पाऊल

रवीची खुंटी एका जागी, ओमची तिच्या दहा हात अलीकडे. दोघांनीही पळसापासून मोजून एकशे वीसच पावलं टाकली होती.

"आता सांगा," ओम म्हणाला, "माझं पाऊल खोटं का याचं?"

खरं तर दोघांचीही खोटीच होती. रवी मुळात ताडमाड, त्यात आज टांगा जरा जास्तच फाकवत होता. ओम ठेंगणा, आणि तोही आज काट्यांतून चालल्यासारखा पाय टाकत होता. पळसापासून खुंटीपर्यंतचा उतार रवीच्या घरचा, खुंटीपलीकडचा ओमच्या. मग कोण सरळ चालेल?

धरणाचं पाणी ओसरलं की पाण्यामधल्या या बेटाचा उतार उघडा पडायचा. काळाभोर, ओला गाळ. त्याला ना नांगर लागत, ना खत. हरभरा टोचला की उगवला. पण पाणी जाताना खुंट्या गिळून जायचं, धुरे-बांध पुसून जायचं. म्हणून दर साली वाटणी नव्यानं मोजावी लागे. बत्तीस वर्षं ती एकाच माणसानं मोजली, रवीचा बाप उकंडा यानं. ओमचा आजा धावजी खुंटी आणि दगड घेऊन त्याच्या मागं चालायचा. यंदा उन्हाळ्यात उकंडा गेला, आणि एकशे वीस पावलं म्हणजे नेमकी किती जमीन, तेही सोबत घेऊन गेला.

"मोबाईलवर मोजू," रवी म्हणाला.

"मोज ना," धावजी म्हणाला. "पन किती फूट मोजशीन? आकडा कोनाले मालूम हाय?"

रवीनं मोबाईल परत खिशात टाकला.

उकंडाची बायको रुखमाबाई पाण्याकडेला ओढून ठेवलेल्या डोंग्याच्या काठावर बियाण्याची थैली मांडीवर घेऊन बसली होती. या उताराखेरीज तिच्या घरी वीतभरही जमीन नव्हती. दोन खुंट्यांमधली वादातली पट्टी दहा हात रुंद, माथ्यापासून थेट पाण्यापर्यंत. ती गेली तर वर्षाच्या डाळीचे वांधे. आणि भांडणात चार दिवस गेले तर पट्टी राहूनही उपयोग नाही, कारण उन्हानं गाळ दगड होतो.

"माय, तू मोज," रवी म्हणाला. "तुले बाबाचं पाऊल मालूम असंन."

"मी त्यायच्या मांगं जलमभर पळतच गेली बाप्पा. पाऊल कुठं पाहाले भेटलं?"

धावजीनं चपला काढून बाजूला ठेवल्या. "मी मोजतो."

"तुमी?" रवी म्हणाला. "काका, खुंटी जेवढी इकडं सरकन तेवढी तुमची जमीन वाढते ना?"

"हाव. वाढते," धावजी म्हणाला आणि धोतर खोचू लागला.

रवी आईकडे पाहू लागला. रुखमाबाई म्हणाली, "मोजू दे त्यायले."

धावजी पळसाला पाठ लावून उभा राहिला. डावं पाऊल त्यानं लांब टाकलं. उजवं मात्र आखूड, जरा फरफटत. मग पुन्हा डावं लांब, उजवं आखूड. धरणाच्या कामावर पाय मोडल्यापासून उकंडा असाच चालायचा. धावजीचे स्वतःचे पाय ठणठणीत होते. सत्तरीतही तो चिंचेवर चढे.

वीस झाल्यावर तो थांबला, वाकून एक खडा उचलला आणि खिशात टाकला. उकंडाला विसाच्या पुढं मोजता येत नव्हतं. दर विसाला एक खडा, सहा खडे झाले की खुंटी, असा त्याचा हिशेब.

तिसरा खडा खिशात गेला, आणि धावजीनं मागं न पाहता डावा हात मागं केला, तळवा उघडा ठेवून.

"आता काय झालं, आबा?" ओमनं विचारलं.

"येथी उकंडा बायकोले चुना मांगे. मंग तमाखू मळे. मंगच पुढचं पाऊल."

रुखमाबाईचा हात कमरेच्या बटव्याकडे गेला, पण ती उठली नाही. तिची नजर पुढच्या दोन खुंट्यांवर खिळलेली होती. धावजीनं रिकामी मूठ मिटली, तमाखू मळल्यासारखा तळव्यावर अंगठा फिरवला आणि डावं पाऊल टाकलं.

सहावा खडा खिशात पडला, तेव्हा तो ओमची खुंटी ओलांडून सात हात पुढं गेला होता. रवीची खुंटी अजून तीन हात लांब होती.

"आबा, सात हात गेले आपले!"

"आपले नव्हतेच ते."

रवीनं स्वतःची खुंटी उपटून आणली आणि धावजीच्या टाचेजवळ ठोकली. ठोकताना त्यानं मान वर केली नाही.

रुखमाबाई थैली खाली ठेवून उठली. आता टोचणीला लागायचं, असंच सगळ्यांना वाटलं.

"धावजीभाऊ," ती म्हणाली, "अजून एकडाव मोजा."

"काहून माय?" रवी चकित झाला. "बराबर आलं ना."

"बराबरच आलं."

ओमचा चेहरा खुलला. दुसऱ्या खेपेला एखादा हात तरी परत मिळेल, असं त्याला वाटलं असावं. धावजीनं रुखमाबाईकडे पाहिलं. मग खिशातले सहाही खडे गाळात टाकले आणि तो पळसाकडे परत गेला.

रुखमाबाईनं बटव्यातून चुन्याची डबी काढली. ती स्वतः तमाखू खात नव्हती. डबी हातात घेऊन ती साठाव्या पावलाच्या जागी आधीच जाऊन बसली.