ठिकाणाचा रकाना

मोजणी जुळली, तर मेलेल्या, पेंढा भरलेल्या प्राण्यांच्या संग्रहालयातल्या कारकुनांना आजच निवृत्ती मिळणार होती आणि उद्यापासून लेकीसोबत गरम जेवण. नाही जुळली, तर आणखी वर्षभर डबा.

चिमण्यांच्या खणात बेचाळीस हव्या होत्या. पेंढा भरणाऱ्या बाईंनी तीनदा मोजल्या. तिन्ही वेळा त्रेचाळीस.

“तुम्हीच भरली असेल एखादी.”

“मी? भरलेली चिमणी कधी गरम लागते का हो, भाऊसाहेब?”

कारकुनांनी तिकडे बघायचं टाळलं. जादा नग कुठे सापडला ते लिहिल्याशिवाय नोंदवहीचं पान बंद करता येत नसे, म्हणून त्यांनी ठिकाणाच्या रकान्यात ‘माझं परसदार’ असं ठोकून दिलं. कोण तपासायला येतंय!

तेवढ्यात लेकीचा फोन आला. “बाबा, परसात एकही चिमणी चिवचिवत नाहीये. आणि मनी कुठे गेली कळेना. आत्ताच परसात उतरली होती.”

“येईल गं. मांजर ती.”

बाईंनी पुढचा खण उघडला होता. “मांजर, एक. नोंद नाही,” त्या हळूच म्हणाल्या. “हीसुद्धा गरम आहे.”

कारकुनांनी रकान्यातली ओळ खोडली, खोडतच राहिले.

“थांबा, मी परसात बघून येते,” लेक म्हणाली.

“नको! दारातच थांब!”

फोन चालू होता, पण पलीकडे कुणी नव्हतं. भिंतीलगतचा सगळ्यात लांब, कायम रिकामा असलेला खण आतल्या वजनानं किंचित पुढे सरकला.

ती एक ओळ लिहिताना कारकुनांच्या पदरचं काही गेलं नव्हतं. किंमत मोजली ती लेकीनं.