निशापूरची माणसं, घोटावड्याची डुकरं

"सतरा लाख!" प्राजक्ताने कपाळावर हात मारला. मंगोलांनी इराणातल्या एकट्या निशापूर शहरात सतरा लाख माणसं कापली, असं झाडून सगळ्या पोरांनी पेपरात डोळे झाकून लिहिलं होतं. पिरंगुटच्या कॉलेजात ती इतिहास शिकवायची आणि दर वर्षी याच आकड्यापायी घसा कोरडा करायची. अरे, तेवढी माणसं त्या शहरात मावत तरी होती का? लिहिणारा तिथे हजर होता का? मार खाल्लेला वाढवून सांगतो, आणि मारणाराही दरारा बसावा म्हणून वाढवूनच सांगतो. पण पालथ्या घड्यावर पाणी!

तेवढ्यात सासूबाई, पारूबाई, शेतातून धापा टाकत आल्या.

"रानडुकरं शिरली गं राती! शंभर तरी असतील!"

"आई, तुम्ही पाहिली का?"

"बघायला कशाला पायजेत? खाचरात चल, मंग कळंल."

प्राजक्ता वैतागली. बाहेर काय कमी होतं, म्हणून आता घरातही निशापूर!

दुपारी वनखात्याचा शेखर पंचनाम्याला आला. घोटावड्याच्या आपल्या शेताच्या बांधावर उभं राहून प्राजक्ताने चिखलातले खुरांचे ठसे पाहिले. सात-आठांचा कळप, फार तर. सासूबाईंचे शंभर ऐकून हा माणूस हसणार. त्यापेक्षा आपणच खरं सांगून मोकळं व्हावं, असं तिने ठरवलं.

मग तिची नजर कोपऱ्यातल्या खाचराकडे गेली. घरचा आंबेमोहोर तिथे लावायचा आणि पुढच्या सालचं बियाणं त्यातूनच राखायचं, हा सासऱ्यांचा शिरस्ता. ते गेले, म्हणून यंदा ती स्वतः पहिल्यांदा चिखलात उतरली होती. आवणातलं एकेक रोप तिने आपल्या हाताने लावलं होतं. आता तिथे एक लोंबी उभी नव्हती. पेरायला मूठभरसुद्धा उरलं नव्हतं. सासूबाई तोंडाला पदर लावून बांधावर बसल्या होत्या. प्राजक्ताला भडभडून आलं.

शेखरने ठशांवरून नजर फिरवली.

"सात-आठच हायेत, मॅडम. एवढं काय न्हाई. बियाणं दुकानात मिळतंय की."

आकडा बरोबर होता. तिला तोच झोंबला.

"सांग की गं त्याला, किती व्हती," सासूबाई म्हणाल्या. "मी म्हनलं शंभर. तू शिकलेली हायेस."

"शंभर नव्हती, आई," प्राजक्ता म्हणाली. "दोनशे होती."