ब्याण्णव सेंटिमीटर

बंद कारखान्याच्या मातीत शिसं मुरलं होतं. माती न उकरता ते शोषून घ्यायला सूर्यफुलं लावली होती. ती सुकण्याआधी कापून न्यायची, नाहीतर विष परत मातीत. मोजणीची वही माझ्याकडे. माळी इतका काटेकोर, की मी चिडवायचो, "माळीबुवा, एक दिवस स्वतःची सावलीही मोजाल!"

सगळी रोपं डोक्यावर गेली. आवारातल्याच त्याच्या घराच्या दारासमोरचं एकच एक्याण्णव सेंटिमीटरवर थांबलं. तिथेच त्याची मुलगी मातीत खेळायची. त्या शिशानेच ती गेली. दाराच्या चौकटीवर तिच्या उंचीच्या रेघा आहेत. शेवटची, एक्याण्णव.

मी वहीत ‘खुरटलं’ लिहिलं, ते त्याने खोडलं.

आज कापणी. नियमाप्रमाणे त्याने शेवटचं माप घेतलं. "ब्याण्णव."

दारातून त्याच्या बायकोने विचारलं, "अहो, चौकटीवर नवी रेघ तुम्ही ओढलीत?"

"नाही गं."

मी जाऊन त्या रेघेला पट्टी लावली. ब्याण्णव.

त्याने कोयता बुंध्याला टेकवला.

"थांबा," ती कळवळली. "आधी तिला बाजूला घ्या."

कोयता ठेवून तो वाकला, रिकाम्या जागी दोन्ही हात घातले आणि उचललं. ओझ्याने त्याचे खांदे खाली गेले.