चारशे बारावी फाइल

“चारशे अकरा फाइली झाल्या. एक सापडत नाही,” विनता मॅडम म्हणाल्या. “एकोणीसशे एक्याण्णवची. बळीराम बाबूंची विभागीय चौकशी. कुठे आहे, दिवाकरजी?”

दिवाकर हातातल्या गठ्ठ्याची फीत सोडत राहिला. “फार जुनी आहे, मॅडम. वाळवीनं खाल्ली असेल.”

“मग ‘अप्राप्य’ असा दाखला लिहा आणि सही करा. सोमवारी स्कॅनिंगवाले मशीन उचलतील. त्यानंतर रेकॉर्ड रूम कायमची बंद.”

नर्मदेकाठच्या त्या हिंदी मुलखातल्या शहरात, सिविल लाइंसमधल्या सरकारी कार्यालयात सहा महिने हेच चाललं होतं. गठ्ठे सुटत, टाचण्या निघत, पानं मशीनखाली जात आणि मग कागद रद्दीच्या ट्रकमध्ये. दिवाकर तिथला रेकॉर्डकीपर. निवृत्तीला आठ महिने उरलेले. एक सही केली की जन्माची सुटका, हे त्याला कळत होतं. कारण फाइल वाळवीनं खाल्ली नव्हती. शेवटच्या रॅकमागे, रद्द फॉर्मांच्या पेटीत त्यानंच ती दडवली होती.

बळीराम तिथले बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क होते. नव्यानं लागलेल्या दिवाकरला टिपणी कशी लिहायची ते त्यांनीच शिकवलं, डब्यातली अर्धी पोळी दिली. मग साहेबांकडे एक निनावी चिठ्ठी आली. बळीराम फाइली घरी नेतात, अशी. नेतच होते ते, काम उरकायला. पण साहेबांना ते नकोसे झाले होते. चिठ्ठी आयतीच हातात आली. त्यांनी दिवाकरला बोलावून घेतलं.

“लिख दो, बाहर के लोगों को फाइलें दिखाते थे. पक्की नौकरी चाहिए ना?”

दिवाकरनं लिहून दिलं. बळीराम बडतर्फ झाले. चार वर्षं कोर्टाच्या फाटकाशी बसून लोकांचे अर्ज लिहीत राहिले आणि एक दिवस तिथंच गेले. ती चिठ्ठी त्यांना कोणी कधी दाखवलीसुद्धा नाही.

गेली अठरा वर्षं त्यांची बायको, इंदूकाकू, अधूनमधून येत होत्या. “फाइल मिळाली काय, भैया?” एवढंच विचारायच्या. दिवाकर नकारार्थी मान हलवायचा. काकू डोळे मिटून लांब श्वास सोडायच्या, “बरं, पोरीला सांगते, विभाला,” म्हणायच्या आणि जिना उतरायच्या. तो श्वास दिवाकरला दिवसभर पुरायचा.

त्या शुक्रवारीही त्या आल्या.

“विभा म्हणून राहिली, आता सगळं कम्प्युटरवर येणार आहे. मग तरी मिळंल काय?”

“तिलाच घेऊन यायचं होतं ना काकू. एकट्या काहून येता या वयात?”

“ती भांडते. बापाला कोणी बुडवलं ते पाहायचं, एवढं एकच तिच्या डोक्यात बसलं आहे. मीच येते आपली.”

नेहमीचं ‘नाही’ त्या दिवशी दिवाकरच्या तोंडून निघेना. “सोमवारी सांगतो,” तो म्हणाला.

इंदूकाकूंनी टेबलाची कड धरली. सावकाश गेल्या.

शनिवारी सकाळी तो फाइल पिशवीत घालून तिलवाऱ्याच्या पुलावर गेला. खाली नर्मदा भरून वाहत होती. हात पिशवीत गेला, फाइल बाहेर आली. टाकण्याआधी एकदा पाहावं म्हणून त्यानं फीत सोडली. पहिलाच कागद त्याच्या जबाबाचा. सरळ ओळी, डावीकडे समास, शेवटी तारखेखाली रेघ. सगळं बळीरामांनी शिकवलं तसं. खोटं लिहितानाही त्यानं त्यांचीच शिकवण पाळली होती.

त्यानं फीत पुन्हा बांधली.

सोमवारी विनता मॅडमनी पानं चाळली आणि वर पाहिलं. “हा जबाब तुमचा आहे?”

“हो, मॅडम. खोटा आहे. तसं आज लिहून आणलं आहे. तेही यातच स्कॅन करा.”

“आठ महिने राहिलेत तुमचे. चौकशी लागेल. पेन्शन अडकेल.”

“लागू द्या.”

मशीनचा हिरवा उजेड एकेका पानावरून सरकला. चारशे बारावी फाइलही आत गेली. आता ती कोणाला लपवता येणार नव्हती, जाळताही येणार नव्हती. परवानगीनं काढलेल्या प्रती घेऊन दिवाकर संध्याकाळी इंदूकाकूंकडे गेला.

दार विभावरीनं उघडलं. शाळेत शिकवून नुकतीच आली होती. तिनं उभ्यानंच त्याचा जबाब वाचला, मग कबुली वाचली.

“तुम्ही दिवाळीत आमच्याकडे जेवायला यायचे, काका. माझ्या बाबाच्या शेजारी बसून.”

दिवाकर खाली मान घालून उभा राहिला. शिव्या ऐकायच्या तयारीनंच आला होता. पण विभावरी तेवढ्यावर थांबली नाही.

“तुमचं कळलं. तुम्हाला धमकावलं होतं. पण ज्यानं हे सुरू केलं, तो कोण? चिठ्ठी कुठं आहे?”

त्यानं शेवटचं पान पुढं केलं. आजचा दिवस सोडला तर सत्तावीस वर्षांत त्याच्याशिवाय कोणी ती फाइल उघडली नव्हती. आणि चिठ्ठीची शेवटची ओळ तर त्यालाही कधी वाचता आली नव्हती. घडीवर कागद विरून गेला होता. मशीननं तिथं नुसता राखी पट्टा उमटवला होता.

विभावरी मोठ्यानं वाचू लागली. “‘साहब, बलीराम बाबू रोज़ दफ़्तर की फाइलें घर लाते हैं. आधी रात तक उसी में रहते हैं. आप बड़े हैं, आपकी बात मानेंगे. इसलिए विनती है कि इनको...’” तिनं कागद दिव्याजवळ धरला. “पुढचं गेलं. काहीच दिसत नाही.”

इंदूकाकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. पाण्याचा पेला हातात तसाच होता आणि त्या कोणाकडेच पाहत नव्हत्या.

“‘...इनको डाँटकर समझा दीजिए,’” त्या हळूच म्हणाल्या, “‘पर नौकरी पर आँच न आने दीजिए.’”